बी कुणाचं

पेरणीला आठ दिवस झाले होते आणि वावर अजून काळंच होतं.

सोयाबीन चौथ्या-पाचव्या दिवशी मान वर काढतं. आठव्या दिवशी बांधावर उभं राहिलं की हिरवी तासं सरळ दिसायला पाहिजेत. आमच्या साडेतीन एकरांत एखादं रोप, मग दोन हात मोकळी जमीन, मग पुन्हा दोन रोपं, असा सगळा प्रकार होता. अप्पा उकिडवे बसून बोटानं तास उकरत होते. एक दाणा सापडला. त्यांनी तो चिमटीत दाबला, तो पिठासारखा फुटला आणि आंबूस वास आला. "कुजलंय," एवढंच म्हणाले आणि बोट लेंग्याला पुसलं.

हे जून २०२०चं. लॉकडाऊनमुळं मी मार्चमध्येच पुण्याहून गावी आले होते. गाव तेरच्या जवळ, धाराशिव जिल्ह्यात. तेव्हा कागदावर उस्मानाबाद. त्या खरिपात मराठवाडाभर हीच रड होती. आदल्या वर्षीच्या परतीच्या पावसात बियाण्याचं सोयाबीन भिजलं होतं, त्यानं उगवणशक्ती गेली, असं नंतर सांगण्यात आलं. तक्रारी इतक्या झाल्या की औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पण ते पेपरातलं. आमच्या बांधावर जे झालं ते असं: अप्पांनी अर्ज दिला, तालुक्याहून पंचनाम्याला माणसं आली, त्यांच्यासोबत बियाण्याच्या कंपनीचा एक तरुण पोरगा होता. अप्पांनी रिकामी पिशवी, टॅग आणि पावती घडी करून ठेवली होती, ती दाखवली. पोरगा नम्र होता. त्यानं विचारलं, किती खोल पेरलं? पाऊस किती झाल्यावर पेरलं? ट्रॅक्टरनं पेरलं का? मग मोबाईलमध्ये फोटो काढत म्हणाला, "बियाणं लॅबमध्ये पास झालेलं आहे काका. जमिनीचा प्रॉब्लेम असू शकतो."

बांधावर आमचे तात्या उभे होते, अप्पांचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, "जमीनच तशी आसंल. दुसरं काय."

माय हसली. मोठ्यानं नाही, पदराआड, पण मला ऐकू आलं. आम्ही तिघी बहिणी आहोत, मी थोरली. हे वाक्य मायनं तीस वर्षांत किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल त्याला गणती नाही. तिच्या वेळी कुणी पंचनामा मात्र केला नव्हता.

*

त्याच आठवड्यात माझ्या फोनवर बत्तीस पानांची एक फाईल आली. पाठवणारी माझी पुण्यातली रूममेट. ती नगरकडची, मराठी ख्रिस्ती घरातली, थिऑलॉजी शिकत होती. मी मुद्रितशोधन करून पोट भरते. तिला एक दीर्घ निबंध मराठीत लिहून द्यायचा होता आणि तिचं मराठी बोलायला झकास, लिहायला लागली की सरकारी. म्हणून ती फाईल माझ्याकडं. विषय होता, नव्या करारातला 'स्पेर्मा' हा ग्रीक शब्द.

मी तिला फोन केला. "अगं, हे शीर्षक उघडून मी घरात कशी बसू?"

"बी म्हण ना," ती म्हणाली. "बीच आहे ते. घाण तुमच्या डोक्यात आहे."

आमच्याकडं रेंज फक्त पत्र्याच्या शेडपाशी येते. तिथं बाजेवर अप्पा पडलेले असायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "काय वाचायलीस येवढं?"

"बियाण्याचं."

"काय म्हणतेत?"

आता काय सांगणार? मी सांगायला लागले आणि मग महिनाभर तेच चाललं. एका अर्थी तो निबंध मी आणि अप्पांनी मिळून तपासला.

ग्रीकमध्ये 'स्पेइरो' म्हणजे पेरणं. (आपल्या 'पेरणं'शी त्याचा आवाज जुळतो, पण तो निव्वळ योगायोग, मी उगाच खूश झाले होते.) त्यापासून 'स्पोरोस' म्हणजे पेरायचं बी, 'स्पोरा' म्हणजे पेरा, आणि 'स्पेर्मा' म्हणजे जे पेरलं जातं ते. सुटा दाणा असेल तर वेगळाच शब्द, 'कोक्कोस'. मोहरीचा दाणा, गव्हाचा दाणा तिथं कोक्कोस. म्हणजे आपल्याकडं जसं दाणा खायचा, बी पेरायचं, आणि बियाणं दुकानातून आणायचं, तशी त्यांचीही खाती वेगळी. सगळे शब्द शेतातले आहेत. 'दियास्पोरा' हा परदेशी भारतीयांबद्दल हल्ली सारखा कानावर पडणारा शब्दही याच घरातला. मूठभर बी चहूकडं उधळावं तशी विखुरलेली माणसं. दसऱ्यानंतर कोयता घेऊन ट्रॅक्टरमधून साखर कारखान्यांकडं जाणारी आमच्या भागातली कुटुंबं मला आठवली. त्यांना कुणी दियास्पोरा म्हणत नाही, ऊसतोड म्हणतात.

पण निबंधातली खरी गोम पुढं होती. स्पेर्मा म्हणजे बी, तसंच स्पेर्मा म्हणजे लेकरंबाळं, खानदान. मूळ हिब्रूतला 'झेरा' हा शब्द दोन्हीकडं चालतो. जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी त्याला स्पेर्मा शब्द लावला आणि तोही दोन्हीकडं चालायला लागला. १६११च्या इंग्रजी बायबलात दोन्ही जागी 'सीड'च आहे. मराठीत मात्र वाट फुटते. शेताची गोष्ट आली की 'बी', अब्राहामाच्या घराण्याची आली की 'संतान', 'संतती', 'वंश'. मराठी वाचणाऱ्याला या दोन जागी मुळात एकच शब्द आहे हे कळायचा मार्गच नाही. माझ्या रूममेटची आज्जी रोज बायबल वाचते. तिलाही ते माहीत नव्हतं.

यात भाषांतरकाराची चूक आहे असं मी म्हणणार नाही. आपण बोलतानाच वेगळं बोलतो. 'अब्राहामाचं बियाणं' म्हटलं तर गावात लोक हसतील, किंवा भांडण होईल. 'कुणाचं बी हाय रं हे' ही आमच्याकडं शिवी आहे. आणि वंश तर मुळात बी नाहीच. संस्कृतात वंश म्हणजे बांबू. बांबू वर्षानुवर्षं जमिनीखालच्या खोडातून फुटत राहतो, बी क्वचित धरतो. घराण्याला नाव द्यायला आपल्या पूर्वजांनी नेमकं असं झाड निवडलं, हे मला फार गमतीचं वाटलं. मी समासात तसं लिहिलं. रूममेटनं उत्तर दिलं, "विषय सोडू नकोस."

*

पेरणाऱ्याची गोष्ट अप्पांना ऐकवली तेव्हा त्यांनी मध्येच थांबवलं. गोष्ट साधी आहे. एक माणूस पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडतं, पाखरं खातात. काही खडकाळ जागी पडतं, उगवतं आणि करपतं. काही काट्यांत गुदमरतं. काही चांगल्या जमिनीत पडतं आणि तीसपट, साठपट, शंभरपट होतं.

"तिफण नव्हती का त्येंच्याकडं?"

"हातानं फेकून पेरायचे."

"तरीच. चार मुठीतली एक नीट पडली. असला गडी मी कामाला ठेवणार न्हाई."

मार्कच्या शुभवर्तमानात ही गोष्ट आहे तिथं 'बी' हा शब्दच येत नाही, हे माझ्या रूममेटनं दाखवून दिलं होतं. पेरणारा पेरायला निघाला आणि 'काही' इथं पडलं, 'काही' तिथं पडलं, एवढंच. काय पडलं ते ऐकणाऱ्याला सांगायची गरज नव्हती. लूकनं तीच गोष्ट लिहिताना 'स्पोरोस' घातला, बहुधा त्याचे वाचक शहरातले असावेत. मी फोनवर एक ॲप घेतलं होतं, शब्दावर बोट ठेवलं की खाली ग्रीक दिसतं. तिथं जाऊन बघितलं. खरंच नाही.

पण या गोष्टीत मला एक गोष्ट खटकत होती. बी सगळं सारखं, निर्दोष. दोष जमिनीचा. वाट, खडक, काटे; जिथं उगवलं नाही तिथं जमीनच तशी होती. कंपनीच्या पोरानं हेच सांगितलं होतं. तात्यांनीही.

मी हे तिला लिहून पाठवलं, थोड्या रागानं. तिनं फक्त आकडे पाठवले: मार्क, चौथा अध्याय, सव्वीस ते एकोणतीस.

त्याच अध्यायात, वीसेक ओळींनंतर, दुसरी छोटी गोष्ट आहे. ती फक्त मार्कमध्ये आहे, इतर तिघांनी घेतली नाही. माणूस बी टाकतो. रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. जमीन आपली आपण पीक देते, आधी पातं, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. 'आपली आपण' इथं ग्रीक शब्द आहे 'आउतोमाते'. ऑटोमॅटिक! सगळ्या नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो. दुसऱ्यांदा तुरुंगाचं लोखंडी दार आपोआप उघडतं तिथं. पहिल्या गोष्टीत जी जमीन आरोपी होती तिलाच दुसऱ्या गोष्टीत सगळं श्रेय आहे, आणि पेरणाऱ्या बाप्याला काहीच माहीत नाही.

अप्पा म्हणाले, "झोपतो ते सोडून बाकी खरं हाय."

त्यांना सगळ्यांत आवडली ती तिसरी गोष्ट, मत्तयमधली. मालक चांगलं बी पेरतो, रात्री वैरी येऊन त्यात 'झिझानिया' टाकून जातो. हे गव्हासारखंच दिसणारं तण. ओंबी बाहेर पडेपर्यंत ओळखू येत नाही. गडी येऊन मालकाला विचारतात, तुम्ही चांगलंच 'स्पेर्मा' पेरलं होतं ना? मग हे कुठून आलं? अप्पा उठून बसले. "हे बघ. हे इचारलं पायजे. बी चांगलं होतं का, हे आधी इचारलं पायजे." दोन हजार वर्षांपूर्वीची ती बियाण्याची पहिली तक्रार असावी. गंमत अशी की पुढं या गोष्टीचा अर्थ सांगताना चांगलं बी म्हणजे माणसं असं सांगितलं आहे. म्हणजे एका गोष्टीत बी हे वचन, लगेच पुढच्या गोष्टीत बी म्हणजे आपणच. शब्द एका जागी थांबत नाही.

*

जुलैमध्ये दुबार पेरणी झाली, यावेळी चुलतमामांकडून आणलेल्या घरच्या बियाण्यानं. सोयाबीनचं हे बरं आहे. फूल स्वतःच फळतं, त्यामुळं सरळ वाणाचं घरचं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं. संकरित कपाशीसारखं दर साल दुकानात जावं लागत नाही. मामांनी ते सवाईनं दिलं: पोत्याला सव्वा पोतं, सुगीला.

ही सवाई ऐकून रूममेट उडालीच. तिच्या निबंधात इजिप्तच्या कोरड्या वाळूत सापडलेल्या पपायरसच्या कागदांबद्दल दोन पानं होती. त्यांतले कितीतरी कागद बियाण्याच्या उसनवारीचे आहेत. सरकारी कोठारातून शेतकऱ्याला पेरायला बी द्यायचं आणि सुगीला वसूल करायचं, त्याच्या पावत्या. त्यांत शब्द तोच, 'स्पेर्माता'. नवा करार ज्या ग्रीकमध्ये लिहिला गेला ती तत्त्वज्ञांची घोटीव ग्रीक नव्हे. ती 'कोइने', म्हणजे सामाईक: बाजारातली, बंदरावरची, पावत्यांची.

आणि त्याच बाजारी ग्रीकमध्ये आमचं तेर आहे. हे तिला माहीत नव्हतं; यावेळी सांगायची पाळी माझी होती. पहिल्या शतकातला कुणी एक ग्रीक बोलणारा व्यापारी अरबी समुद्रातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवतो, त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर'. तगर म्हणजे तेर. इथून गाड्या भरून साधं कापड आणि मलमल भडोचला जायची. पौल गलतीकरांना पत्र लिहीत होता त्या शतकातच, तेरणेच्या काठावरून बैलगाड्या निघत होत्या आणि त्यांची नोंद पौलाच्या भाषेत होत होती. तेरला आम्ही शाळेच्या सहलीत जायचो, गोरोबाकाकांचं मंदिर, लामतुरे संग्रहालय, बाहेर भेळ. संग्रहालयातल्या त्या परदेशी वळणाच्या मातीच्या मूर्ती बघून आम्ही हसायचो. ग्रीक शब्द वाचताना आता मला ते फार परकं वाटेनासं झालं होतं.

*

ऑगस्टमध्ये तात्या घरी आले आणि विषय निघाला. खरं तर तो आमच्या घरात कधी मिटलेलाच नव्हता. तात्यांना दोन मुलं. धाकटा सहावीत. अप्पांनी त्याला दत्तक घ्यावं, म्हणजे जमीन घरात राहील, नाव राहील, मेल्यावर पाणी पाजायला कुणीतरी राहील. "तुझ्यामागं हाय कोण?" तात्या म्हणाले. आम्ही दोघी बहिणी तिथंच चहा घेऊन उभ्या होतो. तिसरी सासरी. कुणालाच ते विचित्र वाटलं नाही, मलासुद्धा लगेच वाटलं नाही.

त्या रात्री मी निबंधाचा शेवटचा भाग तपासत होते. त्यात मार्कच्या बाराव्या अध्यायातली सात भावांची गोष्ट होती. थोरला मेला, 'स्पेर्मा' न ठेवता. दुसऱ्यानं वहिनीशी लग्न केलं, तोही स्पेर्मा न ठेवता मेला. असे साती. शेवटी ती बाई मेली. लोक येशूला विचारतात, मेलेले उठतील तेव्हा ही बायको कुणाची? सात भावांचं बी गेलं, आणि चर्चा बाई कुणाच्या वाट्याला येणार याची.

बी पुरुषाचं, शेत बाईचं, ही समजूत जुनी आणि जगभरची. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज मोठं की क्षेत्र यावर वाद घातला आहे. लीला दुबे यांनी १९८६मध्ये याच 'बी आणि भूमी'वर निबंध लिहिला, मला तो कॉलेजात होता. बी कुणाचं त्याचं पीक. शेताला स्वतःचं काही नाही, ते फक्त पोसतं. म्हणजे पोरही बापाचं आणि वारसाही बापाकडून. पण पीक आलं नाही की शेत नापास! ग्रीकांमध्येही हा वाद होता. ॲरिस्टॉटल म्हणायचा, बाई फक्त माती देते. वैद्य मंडळी, म्हणजे हिप्पोक्रातिसच्या परंपरेतले आणि पुढं गॅलेन, म्हणायचे, बाईलाही बी असतं.

आणि मग तिनं त्या तीन जागा दिल्या होत्या. बायबलच्या अगदी सुरुवातीला, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, सापाला सांगितलं जातं की तुझं बी आणि 'तिचं' बी यांच्यात वैर राहील. तिचं. स्त्रीचं स्पेर्मा. मराठीत तिथं 'संतती' आहे आणि संतती म्हटलं की काहीच वावगं वाटत नाही, बाईची संतती असतेच. ग्रीकमध्ये वाचणारा मात्र अडखळत असणार. शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात, पुन्हा तेच, एका बाईचं स्पेर्मा. आणि इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात म्हाताऱ्या सारेला 'स्पेर्मा टाकायची' शक्ती मिळाली अशी शब्दरचना आहे. हा शब्दप्रयोग ग्रीकमध्ये पुरुषाच्या कामासाठी वापरत. अभ्यासकांची इतकी पंचाईत झाली की काहींनी वाक्याचा कर्ताच अब्राहाम धरला, बाकीच्यांनी 'गर्भधारणेची शक्ती' असं सावरून घेतलं. मी मुद्रितशोधक आहे. असं सावरून घेणं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

मला आज्जी आठवली. अप्पांची आई. ट्रॅक्टर यायच्या आधी आजोबा तिफण हाकायचे आणि चाड्यावर मूठ आज्जीची. चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा, खाली नळे. मुठीतून बी असं सोडायचं की तिन्ही नळ्यांत सारखं पडावं, दाट नको, विरळ नको. तिच्या मुठीचं इतकं नाव होतं की ज्वारीच्या पेरणीला लोक बोलवायला यायचे. बी निवडायची तीच, राखेत घोळून कणगीत ठेवायची तीच, पेरायची तीच. आणि तीच आज्जी मायला म्हणायची, "तुझ्या कुशीत बी टिकंना." कसं म्हणत असेल?

*

पौलाचं वाक्य यानंतर येतं. गलतीकरांच्या पत्रात तो अडून बसतो, की देवानं अब्राहामाला आणि त्याच्या 'स्पेर्मा'ला वचन दिलं. 'स्पेर्मासिन' असं अनेकवचन वापरलेलं नाही, एकवचन आहे, म्हणजे एकच, म्हणजे ख्रिस्त. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी समासात लाल रेघ मारली. समूहवाचक नाम आहे ना हे! बियाणं म्हटलं की पोतंभर आलं, त्याचं अनेकवचन कोण करतं? पौलाला हे कळत नव्हतं का?

कळत होतं. तेराच ओळींनी खाली तो तोच एकवचनी शब्द ढीगभर माणसांना लावतो. तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर तुम्ही सगळे अब्राहामाचे स्पेर्मा आहात, आणि वचनाप्रमाणे वारस. वारस! स्पेर्मा आणि वारस एका ओळीत. आणि त्याच्या लगेच वरच्या ओळीत तो म्हणून गेलेला असतो की आता यहुदी-ग्रीक नाही, दास-मोकळा नाही, पुरुष आणि स्त्री नाही. पुढच्याच अध्यायात दत्तकाचा शब्द येतो, 'हुइओथेसिया', मुलगा म्हणून ठेवून घेणं. बी रक्तातून येतं ही गोष्टच तो उलटी करतो.

मी तिला रात्री अकराला फोन केला. "म्हणजे तुमच्यात मुलींना वारसा मिळतो तर."

"कागदावर मिळतो," ती म्हणाली. "ख्रिस्ती लोकांना १९२५चा वारसा कायदा आहे, मुलगा-मुलगी सारखे. माझ्या तिन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्यात. रविवारी चर्चला गेल्या आणि सोमवारी तहसीलला. गलतीकरांस पत्र सगळ्यांचं वाचून झालेलं आहे."

आमच्या आत्यांनीही केल्या होत्या. साडी-चोळी घेऊन.

योगायोगानं त्याच महिन्यात, ११ ऑगस्ट २०२० ला, सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निकाल आला. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानं हक्क दिला होता, त्या तारखेला बाप जिवंत होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही, असं न्यायालयानं सांगितलं. महाराष्ट्रानं तर असा कायदा १९९४मध्येच केला होता. बातमी मी अप्पांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या तुझ्या पत्रात काय होतं? एकच बी का पोतंभर?"

"दोन्ही."

"हं," म्हणाले, आणि कूस बदलली.

मायला मी काहीच वाचून दाखवलं नव्हतं. ती भाकरी थापत सगळं ऐकत असायची. त्या रात्री तिनं विचारलं, "ती सारा म्हातारपणी बाळंत झाली?"

"नव्वदीत."

"आन् मुलगा झाला."

"हो."

"मंग झालं," माय म्हणाली. पुढं काही नाही.

*

ऑक्टोबरच्या मध्यात पाऊस कोसळला. तुळजापूर, परंडा, सगळीकडं वावरं वाहून गेली, मोठमोठे पुढारी बांधावर येऊन गेले. आमचं खालचं सोयाबीन काढून ढीग लावून ठेवलं होतं. आठ दिवस ते पाण्यात. ताडपत्री काढली तेव्हा ढिगातल्या शेंगांना शेंगेतच कोंब फुटले होते. जूनमध्ये जमिनीत उगवायचं ते उगवलं नाही आणि आता नको तेव्हा ढिगात उगवलं. अप्पांनी एक शेंग उचलून मला दिली. "घे. आउतोमाते," म्हणाले. शब्द बरोबर लक्षात ठेवला होता.

माळावरचं अर्धा एकर तेवढं पावसाआधी खळ्यातून घरात आलं होतं. सवाई फेडून दीड पोतं उरलं.

नोव्हेंबरमध्ये मी पुण्याला परतले. दौंडच्या पुढं केडगाव लागतं. मी आधी शंभरदा गेले असेन, यावेळी मान वळवून बघितलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीनं सगळं बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा भाषेत, आणि त्याची छपाई तिथल्याच बायकांनी केली. १९२१मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या. पुस्तक निघालं १९२४मध्ये. रूममेट म्हणाली होती की तिच्या आज्जीच्या घरी त्याची एक प्रत आहे, पानं सुटलेली, आज्जी कुणाला हात लावू देत नाही. त्यात स्पेर्माला कुठं कोणता शब्द आहे ते आम्ही अजून बघायचं आहोत.

*

मे २०२१ला पुन्हा लॉकडाऊन, पुन्हा गाव. दत्तकाचं पुढं झालं नाही. अप्पांनी नाही असं तोंडानं कधी म्हटलं नाही, तात्यांनी दोनदा विचारलं, दोनदा अप्पा म्हणाले, "बघू." तिसऱ्यांदा विचारायला तात्या आलेच नाहीत आणि बांधाला बांध असून आता बोलत नाहीत. एप्रिलमध्ये अप्पांनी तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफारांच्या नकला आणून ट्रंकेत ठेवल्या आहेत. कशासाठी, ते सांगितलेलं नाही. ट्रंकेची किल्ली मायच्या कमरेला असते.

त्या दीड पोत्याचं बी पेरायच्या लायकीचं आहे का ते बघायचं होतं. कृषी खात्याचीच पद्धत: गोणपाट ओलं करायचं, शंभर दाणे मोजून दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओल धरायची. शंभरात सत्तर उगवले तर बी पेरायला चालतं. मायनं दाणे निवडून घेतले नाहीत. पोत्यात हात घालून वर-खाली, मधून, कडेनं मूठ-मूठ काढली आणि त्यातले सरसकट मोजले. "निवडून घेतलं तर परीक्षा कशाची?" म्हणाली.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं गोणपाट ओसरीवर उलगडलं. अप्पा वही-पेन घेऊन शेजारी बसले. ओल्या तागाचा वास आला. काही दाणे बुळबुळीत होऊन तसेच पडले होते, काहींना पांढरे, वाकडे, बोटभर कोंब. माय एकेक ओळ बोटानं मोजत होती, कोंब असलेला उचलून ताटात ठेवत होती, शंका आली तर दाणा उजेडाकडं धरून बघत होती. अप्पांनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, तिनं हातानंच गप्प केलं.

"बहात्तर," ती म्हणाली.

अप्पांनी वहीत लिहिलं. मग म्हणाले, "पुन्यांदा मोज."

तिनं पुन्हा मोजले.